पाचातला एक सांडला

वारंगा फाट्यावरच्या आमच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसतो. प्रत्येक वाक्यानंतर "बराबर?" विचारतो आणि उत्तर ऐकत नाही. सोयाबीनचे भाव दाखवणारी वेबसाइट त्यानंच लिहिली. पाच तालुक्यांचे पाच प्रॉमिस, म्हणजे भाव आणून द्यायचे वायदे, कोडमध्ये त्यानं एकाच दावणीला बांधलेत. एक जरी फसला, की कोड आलेले चार भावही फेकून देतो.

काल औंढ्याचा भाव आला नाही आणि सगळं पान कोरं झालं. सेनगावचे शेतकरी माल भरून फोनवर फोन करत होते, निघू का थांबू?

माझं डोकं सणकलं. "चार आलेत ना? ते काहून दाखवत न्हाईस?"

"अर्धवट आपल्याला चालत न्हाई. बराबर?"

तेवढ्यात पाच जणांचा चहा आला. चहावाल्याच्या हातून एक गिलास सांडला, तर माझ्या या शेजाऱ्यानं भरलेले चारही परत पाठवले.

मी त्याला खुर्चीवरून उठवलं, कोड बदलला. चार भाव दिसले, औंढ्यापुढं 'आला नाही' एवढंच. फोन थांबले.

मग चहावाल्याला हाक मारून ते चार गिलास परत मागवले आणि आम्हा बाकीच्या चौघांत वाटले. शेजाऱ्यानंही हात पुढं केला.

"चारच हायेत," मी म्हणालो. "तुला अर्धवट चालत न्हाई. बराबर?"