कमलच्या औषधांची पिशवी

अंधेरीच्या इंडस्ट्रीत डब्यांची झाकणं बनवणारा एक गाळा आहे. त्याच्या गेटासमोर मी मासे विकायला बसते. कमल त्या गाळ्यात प्रेस मशीनवर. लग्न होऊन परभणीकडून आली, नवरा गेल्यावर मशीनला लागली. बारा वर्षांत घासाघीस न करता तिने माझ्याकडून एक बोंबील घेतला नाही. अशी गिऱ्हाईकं मला आवडतात.

मे महिन्यात मशीनने तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं घेतली. बाहेर आणली तेव्हा माझ्या खांद्यावरचा पंचा मीच तिच्या हाताला गुंडाळला. रडलेसुद्धा मीच, ती नाही.

कामावर लागलं तर औषधं मालकाने द्यायची, असा कायदा आहे म्हणे. माणिकशेठने कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला सांगून ठेवलं. कमल नुसती चिठ्ठी दाखवायची आणि पिशवी भरून निघायची. गोळ्या, मलम, पट्ट्या, वर ताकदीचं टॉनिक! मागे मी, गुडघ्याच्या चार गोळ्या मागायला. तो कात्रीने पाकीट कापून मोजून चार देणार. चाळीस वर्षं डोक्यावर पाटी वाहिली, माझे गुडघे काय झोपाळ्यावर बसून झिजले? पण पाटीला शेठ नसतो. खरं सांगते, त्या टॉनिकच्या बाटलीवर माझा जीव जळायचा.

एकदा शेजारी बसणारी शांताबाई म्हणाली, “कमलचं लय वाईट झालं गं.”

“कसलं वाईट? राणीसारखी औषधं खातेय. मशीनबिशीन काय नाय, घरी सुरमई कापताना गेली असतील बोटं!”

मी बोलले आणि विसरले. शांताबाईने मात्र पापलेट देता देता ते शेठच्या कानावर घातलं. त्याला निमित्तच हवं होतं.

पुढच्या खेपेला मेडिकलवाला कमलला म्हणाला, “शेठनी बंद करायला सांगितलंय. घरी मासे कापताना लागलं म्हणतात.”

कमल चिठ्ठी धरून तशीच उभी, मागे मी. पट्टी आतून पिवळी झालेली. गाळ्यातल्या पाच जणांनी सगळं बघितलं होतं, पण शेठपुढे तोंड कोण उघडणार?

मी तिचं कोपर धरलं आणि सरळ गाळ्यात नेली.

“मावशी, तुम्हीच म्हणालात ना?” शेठ हसला.

“मीच म्हणाले. जळून म्हणाले. खोटं होतं ते. तुमच्याच दारात हिच्या हाताला पंचा बांधला मी. कुठल्या साहेबासमोर सांगू, ते बोला.”

शेठचं हसू गेलं. त्याने मेडिकलवाल्याला फोन लावला.

बाहेर आल्यावर कमल थांबली. “जळून? माझ्या बोटांवर, मावशी?”

“टॉनिकवर,” मी म्हटलं.

ती हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून, हातात ती फुगलेली पिशवी घेऊन, माझ्यासमोरून शांताबाईकडे जायला लागली. तिच्याकडची शिळी मांदेली घ्यायची, आणि भाव न करता! आठ दिवस मी ते बघत बसले. टॉनिकवरही जळले नव्हते, एवढा जाळ झाला.

नवव्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसली. “सुरमई कशी दिली?”

मी भाव सांगितला.

“वाट लागली! एवढा?”

माझ्या जिवात जीव आला. “कापून देऊ?”

“द्या ना. मला कापता येत नाही, तुम्हीच सांगितलंत ना सगळ्यांना.”