माझ्यासाठी घातलेलं गाऱ्हाणं

"यांच्यासोबत कोण आहे?" विमानतळाच्या दारात विमान कंपनीचा माणूस माझ्या डोक्यावरून दादाला विचारत होता. मी समोर. चाकाच्या खुर्चीत. तिकीट माझ्या हातात, माझ्या नावाचं.

मी म्हटलं, "मी एकटीच जाणार आहे. फोनवर आधी कळवलंय."

"उपचारासाठी का?"

"नाही. फिरायला. हैदराबादला."

तो हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात? आमच्या मालवणच्या घरी पाहुण्यांच्या खोल्या आहेत. धामापूरचं तळं कधी बघा, कुडाळला उतरून कसं या, दिवसभर फोनवर मीच सांगते. अख्ख्या जगाला मी फिरवते. मी फिरायचं म्हटलं की दुखणंच हवं?

तो म्हणाला, विमानाला शिडी आहे, उचलूनच न्यावं लागेल. सामान चढवणारे दोघे त्याच्यासोबत बाहेर आले होते. त्यातल्या एकाने न विचारता माझ्या काखेत हात घातले आणि मला उचललं. वजन बघायला. दारात, सगळ्या प्रवाशांदेखत. ओढणी खाली पडली. मग परत ठेवलं मला. "जमात, उचलूक जमात," म्हणाला. मला नव्हे, साहेबाला.

"परत हात लावायचा नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात घरच्यांसोबत मला सोडायला आलेल्या आबाकाकांनी पिशवीतला नारळ काढून पायरीवर ठेवला. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय कुठलं काम सुरू होत नाही. एकाने देवाला मोठ्याने सांगायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. काकांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या पायात बळ घाल, तेका पायार उभा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई म्हणाली. दादा म्हणाला. गाडीवाला म्हणाला. मला उचलणारे ते दोघेही म्हणाले. सगळे एका बाजूला झाले आणि मी एकटी. इतकं एकटं मला बंद खोलीतही कधी वाटलं नव्हतं.

मग मीच हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, माझे पाय आसत तसे रवांदेत. माका न उचलता विमानात घेवची ह्येंका बुद्धी दी रे म्हाराजा."

या वेळी "व्हय म्हाराजा" कोणी म्हणालं नाही. आई आपल्या चपलांकडे बघत राहिली. काका नारळ उचलून परत पिशवीत घालू लागले.

मी उचलू दिलं नाही, दुसरी सोय त्यांच्याकडे नव्हती; विमान माझ्याशिवाय गेलं. गाडीत आई एवढंच म्हणाली, "सगळ्यांसमोर कशाक गो बोललंस?" मी रडले. रागाने रडले, दुसरं काही नव्हतं त्यात.

परवा पुन्हा तिकीट काढलंय. एकटीचं. घरच्यांना सांगितलंय, दारापर्यंत सोडा आणि मागे फिरा, नारळ घरीच राहू दे. या वेळी गाऱ्हाणं त्या साहेबापुढे घालणार आहे, सगळ्यांना ऐकू जाईल असं. उचलू देणार नाही. आणि खुर्चीसकट वर नेण्याची सोय होत नाही तोवर त्या दारातून हलणारही नाही. व्हय म्हणायला कोणी नसलं तरी.