चार बोटांची फट

कुऱ्हाडवाले काका शनिवारी सकाळी एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये चढले, की समोरच्या बाकावरची माणसं सहज उठल्यासारखं करून दुसरीकडे जात. कुऱ्हाड काकूंच्या गुलाबांच्या अभ्र्यात गुंडाळलेली असे, पण दांडा बाहेर राही. काकांचं मत असं, की म्युनिकजवळच्या आमच्या उंटरश्लाइसहाइमचे लोक फार सभ्य, म्हाताऱ्याला ऐसपैस बसू देतात.

जन्मभर त्यांनी एका मोटार कंपनीत कॉम्प्युटरवर बिजागऱ्या काढल्या होत्या. निवृत्त झाल्यावर जंगलाकडच्या एका गावात जमिनीचा तुकडा घेतला आणि ओंडक्यांचं घर बांधायला घेतलं. मशीन नाही, खिळा नाही. कुऱ्हाड, हातकरवत आणि गावातल्या एका म्हाताऱ्या सुताराची शिकवणी. हे सगळं काकूंसाठी. त्यांनी पस्तीस वर्षं भाड्याच्या घरांत संसार केला होता आणि प्रत्येक घर सोडताना भिंती पांढऱ्या रंगवून परत केल्या होत्या. आपल्या घरात राहायचं एवढंच त्यांना हवं होतं. मधेच काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जड उचलायचं नाही. काका म्हणाले, गेनाऊ, अगदी बरोबर, आणि उचलायला आम्हाला बोलावलं.

आम्ही म्हणजे मराठी मंडळातले आयटीवाले. लॅपटॉपपेक्षा जड वस्तूशी आमचा संबंध नव्हता. 

झाड हिवाळ्यातच आणि तेही वद्य पक्षातच तोडायचं, असा तिथल्या जुन्या सुतारांचा नियम. सुतार आपलं चंद्राचं कॅलेंडर आणी, काका काकूंचं पंचांग. दोन्ही जुळली की दोघं गंभीरपणे हात मिळवत. मग ओंडका सोलायचा, खालच्या ओंडक्यावर ठेवायचा, खालचे उंचवटे कंपासने वरच्यावर आखून घ्यायचे, तेवढं कोरायचं आणि मधे शेवाळ भरायचं. एका ओंडक्याला एक शनिवार. मी एकदा काम लवकर संपवायचा प्लॅन छापून नेला. काकांनी तो शेवटपर्यंत वाचला, माझं कौतुक केलं आणि त्यावर शेकोटी पेटवली. "लाकडाला घाई समजत नाही रे," ते म्हणाले, "म्हणून त्याच्याशी भांडण होत नाही."

दुसऱ्या ऑक्टोबरात छप्पर चढलं, दाराची चौकट बसली. चौकटीच्या वर मात्र चार बोटं फट राहिली होती. काका तपासणीसाठी म्युनिकला गेलेले आणि दुसऱ्या दिवशी काकू पहिल्यांदा घर बघायला येणार. मला वाटलं, म्हाताऱ्याचं माप चुकलं. आमच्या धंद्यात दुसऱ्याची चूक गुपचूप दुरुस्त करणं मोठेपणाचं समजतात. मी ओकची जाड पट्टी फटीत पाचरी मारून घट्ट बसवली. वरून लावायची फळी काकांनीच तयार करून ठेवली होती, तीही लावली. ती त्यांनी का करून ठेवली असेल, हा प्रश्न मला पडला नाही. कुणाला काही बोललो नाही. विनय म्हणून.

ओलं लाकूड वाळताना आकसतं आणि सगळी भिंत हळूहळू खाली बसते. ती फट त्यासाठी होती. उन्हाळ्यापर्यंत तीन भिंती बसल्या, चौथी माझ्या पट्टीवर लटकून राहिली. ओंडक्यांमधून उजेड दिसू लागला, पाऊस आत आला आणि दारावरचे दोन ओंडके पिळवटून वाया गेले. काकांनी फळी काढली आणि पट्टीकडे बघत राहिले. मी केलं, असं मी सांगितलं.

"पक्की बसवली आहेस," ते म्हणाले. "पण विचारायचं रे. मी होतो ना."

कारखान्यातले तयार ओंडके आणू, असं मी सुचवलं. काकांनी ऐकलं नाही. नव्या झाडांसाठी हिवाळा यावा लागला, मग ती वाळावी लागली, कारण बसलेल्या भिंतीत ओलं लाकूड चालत नाही. घर वर्षभर लांबलं. त्या वर्षात काका मला एका शब्दाने बोलले नाहीत, उलट सगळ्यांत कठीण कोरीवकाम मलाच द्यायचे. ते शिव्या देते तर सोपं गेलं असतं.

अखेर ते दोघं राहायला गेले. एक हिवाळा राहिले. फेब्रुवारीत काका दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. ऑफिसात हल्ली मी काहीही दुरुस्त करण्याआधी विचारतो. लोक म्हणतात, हा आता पुरता जर्मन झाला.

मार्चमध्ये भेटायला गेलो, तेव्हा काकू चहा करत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की तुम्हाला इथे दोन हिवाळे मिळायचे होते, एक माझ्यामुळे गेला.

"हो, गेला," काकू म्हणाल्या. गाळणं झटकून त्यांनी खाली ठेवलं. "आणि मिळाला तोही तुम्हीच सगळ्यांनी उचलून दिलात. आता बस, चहा घे."

चहा बिनसाखरेचा होता, काकांना लागायचा तसा. मी साखर मागितली नाही.