शकीलचं ग्राउंड

शकील गेल्याचा फोन आला तेव्हा मी पऱ्हाटीत कापूस वेचत होतो. न्यूझीलंडहून त्याची मुलगी सना बोलत होती. "गजाकाका, अब्बू गेले..." मी उभा होतो ते वावर म्हणजे आमचं जुनं खो-खोचं ग्राउंड. ते मी नांगरून टाकलंय, ही एवढी गोष्ट मी शकीलला बारा वर्षांत सांगितली नव्हती.

साखरखेर्ड्यात त्याचे वडील गाद्यांचा कापूस पिंजायचे. गावाला लागून आमचा एक तुकडा पडीत होता, तिथे आम्ही बाभळीचे दोन खांब रोवले आणि शाळा सुटली की अंधार पडेपर्यंत पळायचो. आम्हा सगळ्यांना एक खोड होती, नुसतं 'खो' म्हणवतच नसे, 'खो बे' निघायचं. खामगावच्या सामन्यात पंचांनी त्याबद्दल फाऊल दिला, आणि शकील त्यांच्याशीच भांडला. असा तो हट्टी गडी!

वेल्डिंग शिकून तो आधी आखातात गेला, मग न्यूझीलंडला. तिथे खो-खो कोणाला ठाऊक? पहिल्या रविवारी वर्कशॉपमधली आठ माणसं बागेत ओळीनं उकिडवी बसवली, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, धरणं धरलंय. बागेत खड्डा खणायची परवानगी नाही, तर पठ्ठ्यानं जुन्या टायरांत सिमेंट ओतून लोखंडी खांब उभे केले. हळूहळू बाया आल्या, शाळा आल्या, सहा संघ झाले... आणि तिथली गोरी पोरंही बिनदिक्कत 'खो बे' म्हणतात! "इथं फाऊल नाई," तो हसायचा, "पंच मीच हाय."

इकडे कपाशीचं बीटी बियाणं आलं. पहिली दोन-तीन वर्षं बोंडं अशी लगडली की लोकांनी धुरे-बांधसुद्धा पेरायचे सोडले नाहीत. मीही पडीत तुकडा नांगरला. पोरं दोन दिवस रेंगाळली, मग मोबाइलमध्ये गेली. पुढे त्याच कपाशीत गुलाबी अळी शिरली, हा भाग वेगळा.

दर शुक्रवारी दुपारी शकीलचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "गजा, ग्राउंड कसं हाय बे?" मी नांगरलं तेव्हा तो तिथे नवा होता, एकटा होता. मी म्हणालो, मस्त हाय, पोरं खेळून राह्यले. त्याला बरं वाटावं म्हणून एकदा बोललो आणि त्यातच अडकलो. मग तो संघ घेऊन यायचं म्हणू लागला. आपल्या मातीवर एकदा खेळवायचं होतं त्याला. मी म्हणायचो, यंदा पाऊस नाही, पुढच्या वर्षी ये. पुढच्या वर्षी आणखी काही. माझ्या जिवलग मित्राला मीच त्याच्या गावी येऊ दिलं नाही. याची लाज वाटते.

चाळिसाव्याला सनाचा फोन आला तेव्हा न राहवून तिला सगळं सांगितलं. तर ती बापाकडून उचललेल्या वऱ्हाडीत म्हणाली, "काका, अब्बूले माहीत होतं. मोबाइलच्या नकाशात वरून दिसते ना. मले दाखवलं होतं त्यांनी, हे पाय, गजाची पऱ्हाटी."

"मंग बोलला काऊन नाई?"

"मीबी विचारलं. म्हणे, गजा सांगीन कधीतरी. त्यानं खो देल्याबिगर मी कसा उठू?"

म्हणजे दर शुक्रवारी तो मला सांगायची संधी देत होता, आणि मी आपला पावसाची थाप मारत होतो.

गेल्या आठवड्यात शेवटचा वेचा होऊन उलंगवाडी झाली, वावर मोकळं झालं. एका खांबाला केव्हाच वाळवी लागली होती. दुसरा मी गोठ्याच्या दाराला आडवा लावत असे. तो काढला आणि जुन्या जागी रोवला. शुक्रवार होता. फोनच्या वेळेला खांबाजवळ उकिडवा बसलो, गुडघे कुरकुरले. "ग्राउंड पेरलं बे शकील," मोठ्यानं म्हणालो, "म्याच पेरलं." मग तसाच बसून राहिलो... आता मला खो द्यायला कोणी नव्हतं.