वावटळीची एन्ट्री

आत्या नाटक कंपनीत पडद्यामागचं सगळं बघायची. कुणाच्या हातात तलवार, कुणाच्या नाकावर चष्मा, कुणाला कधी रंगमंचावर लोटायचं, सगळं तिच्या डोक्यात. भल्याभल्या नटांना तिने वठणीवर आणलं होतं. पण सकाळी भाचीला शाळेत धाडताना मात्र तिच्या नाकी नऊ यायचे.

भाचीला घरात सगळे वावटळ म्हणत. पोरगी पुलांसाठी वेडी. कुठला खांब किती भार पेलेल, हे चुटकीसरशी सांगायची. पण एक मोजा घालून दुसरा शोधायला निघाली, की वाटेत एखादा झुलता पूल आडवा यायचा आणि मोजा राहायचा. शाळेतल्या बाई म्हणायच्या, ‘‘हुशार आहे, पण आळशी.’’

शाळेच्या समुपदेशक ताईंनी मात्र वेगळंच सांगितलं. ‘‘आळस नाही हो. अफाट बुद्धी आणि ही अडचण, दोन्ही एकाच डोक्यात नांदतात. सुरुवात करणं, क्रम लावणं तिला एकटीला जमत नाही. तेवढा बाहेरून टेकू द्या.’’

‘‘अगं बाई! म्हणजे हिला बॅकस्टेज हवंय!’’ आत्या जवळजवळ ओरडलीच.

नाटकाच्या सामानाचं असतं तसं टेबल दाराशी आलं. दप्तर, डबा, बाटली, मोजे. प्रत्येकाची चिकटपट्टीने आखलेली चौकट. रात्रीच सगळं मांडायचं, सकाळी चौकटी रिकाम्या करत दार गाठायचं. आत्या कोपऱ्यातून कुजबुजायची, ‘‘मोजे, एन्ट्री!’’ वावटळ खिदळायची आणि बाटली विसरायची.

‘‘आत्या, तुझा क्रम चुकलाय,’’ एकदा तीच म्हणाली. ‘‘सकाळी बाटली भरायला आत गेले की मी आतच राहते. ती रात्रीच भरू या.’’

पट्ट्या उखडल्या, नव्याने आखल्या. आणि एका सकाळी आत्याला जाग आली ती हाकेनं. ‘‘आत्या, तुझी एन्ट्री चुकली!’’ दारात वावटळ उभी, दोन्ही मोज्यांसकट!

दोघी जिना धडधडत उतरल्या, धापा टाकत शाळेशी पोचल्या. फाटकाला कुलूप.

‘‘आज रविवार,’’ पहारेकरी हसून म्हणाला.

आत्याच्या कंपनीची सुट्टी सोमवारी. तिला कुठला रविवार आठवायला!

‘‘आत्या, वाराची चौकट कुठे आखायची गं?’’

आत्या हसता हसता फुटपाथवरच बसली. मग दोघी नदीवरच्या पुलावर गेल्या. डबा फस्त केला, आणि पूल हलतो का ते बघायला मधोमध उड्या मारत राहिल्या. आत्याच जास्त.