तांडेलांचे हात

बोलता बोलता तांडेल मध्येच थांबत, उजवा पंजा वर करत आणि म्हणत, “जरा थांबा डॉक्टर, तो बोलतोय.” मग मान कलती करून ऐकत राहत. ऐकून झाले की दिलगिरीने हसत आणि आपले वाक्य जिथे तुटले होते तिथूनच पुढे सुरू करत. खोलीत आम्ही दोघेच असू. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात मी नुकताच लागलो होतो, आणि इतका सभ्य रोगी मी तोवर पाहिला नव्हता.

राजिवडा बंदरातल्या एका गलबताचे ते तांडेल, म्हणजे कप्तान. मंगळूरहून कौले भरून येताना एका भर दुपारी त्यांनी सुकाणू फिरवले आणि किनारा सोडून सरळ पश्चिमेला निघाले. खलाशी ओरडले, तरी हे शांत. धाकटा भाऊ इस्माईल त्याच गलबतावर होता. त्याने आणि आणखी दोघांनी त्यांना खाली पाडून सुकाणू हिसकावले, आणि बंदरात पोचताच धरून आमच्याकडे आणले. “तिकडं काय होतं?” असे मी पुढे विचारले, तेव्हा तांडेल म्हणाले, “मला काय ठाव? तो बोलला चल, मी चाललो. बारा माणसं होती माझ्या मागं.”

झोपेची औषधे आणि विजेचे झटके, एवढेच तेव्हा आमच्या हाती होते. त्यानंतर मुंबईहून या आजारावरच्या नव्या गोळ्या येऊ लागल्या. पहिल्या काही दिवसांत तांडेल नुसते झोपले. उठून उभे राहिले की त्यांना घेरी येई. पण तीनेक आठवड्यांनी पंजा वर करणे थांबले. मी विचारले, “गेला का तो?”

“गेला नाय. आधी कानाशी बसून बोलायचा. आता खाडीच्या पल्याडून हाक मारतो. आवाज येतो, शब्द कळत नाय.”

त्या औषधाचे याहून नेमके वर्णन मी आजवर कुठल्या व्याख्यानात ऐकलेले नाही.

त्याची किंमतही लवकरच दिसली. चेहरा गोठल्यासारखा झाला, पापणी क्वचित लवू लागली. चालताना पावले घासत, हात बाजूला हलत नसत. बोटांना कंप सुटला. बसले की पायांत अशी तगमग होई की पुन्हा उठून फेऱ्या मारत. उन्हात थोडा वेळ उभे राहिले तरी कातडी भाजल्यासारखी लाल होई. आयुष्य उन्हात काढलेला माणूस व्हरांड्याच्या सावलीला चिकटून चालू लागला. त्यांची बायको हलीमाबी भेटायला आली, नवऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मला म्हणाली, “डॉक्टर, माणूस बरा केलात खरा. पण हे हसतात की नाय, मला कळतच नाय.”

त्याचे कारण तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. पुष्कळ वर्षांनी कळले की मेंदूतल्या ज्या रसायनाचे काम ही गोळी अडवते, त्याच्यावर हातापायांच्या हालचालीही अवलंबून असतात. मेंदूच्या एका भागात ते अडवले की आवाज मंदावतो, दुसऱ्या भागात अडले की हात जड होतात. आम्ही कंपावर दुसरी गोळी दिली. कंप थोडा कमी झाला, तोंड मात्र पार कोरडे पडले. “आता खाडी प्यायलो तरी जीभ सुटायची नाय,” असे ते म्हणाले. चेहरा हलला नाही, पण ती थट्टा होती.

बरे वाटल्यावर त्यांना घरी सोडले. पावसाळा संपून गलबते पाण्यात उतरवायची वेळ आली, तशी त्यांनी गोळ्या बंद केल्या. हात मोकळे झाले. दोराच्या गाठी पूर्वीसारख्या बसू लागल्या. घरात आनंद झाला. आणि एका सकाळी तांडेल हलीमाबीला घेऊन चालत माझ्याकडे आले. त्यांना कुणी धरून आणले नव्हते.

“तो परत आला,” ते म्हणाले. “हात आले तर तो येतो. त्याला घालवावा तर हात जातात. मला हात ठेवून त्याला नाय घालवता येत?”

मी खरे ते सांगितले. गोळी कमी करून बघू. थोडा कंप राहील, थोडा आवाज राहील.

“थोडा आवाज घेऊन सुकाणू नाय धरता येत.” त्यांनी आपल्या बोटांकडे बघितले. मग ते म्हणाले, “द्या गोळी. गलबत इस्माईलला देतो.”

त्या हंगामात इस्माईल तांडेल झाला. थोरले तांडेल बंदराजवळच्या एका मांडवात, सावलीत बसून शिडे शिवणाऱ्यांना सूचना देत. सुई त्यांच्या हाती ठरत नसे. गोळ्या न्यायला मात्र नेमाने येत. एकदा म्हणाले, “डॉक्टर, कधी कधी करमत नाय. वाईट होता, पण सोबत होती.” पुढे माझी बदली मुंबईला झाली.

काही वर्षांनी इस्माईल मला शोधत तिथे आला. भाऊ गेला, म्हणाला. काविळीने. ही गोळी कधी कधी कावीळ करते, पण बहुधा पहिल्या काही आठवड्यांत. इतक्या उशिरा सहसा नाही. त्या वर्षी त्यांच्या मोहल्ल्यात काविळीची साथही होती. मी विचारले, ताप आधी आला की डोळे आधी पिवळे झाले? आधी ताप असता तर साथीवर बोट ठेवता आले असते. त्याला आठवत नव्हते. तो जायला उठला आणि दारात थांबला.

“भाबीनं निरोप दिलाय. बोलली, डॉक्टरला सांग, गोळीला दोष देऊ नका. आमचा माणूस आमच्या घरात मेला, दर्यात नाय.”