पिस्तुलाची माशी

माझ्या थोरल्या साडूंइतका सावध माणूस डिचोली तालुक्यात आजवर झाला नाही, आणि नुसत्या सावधपणापायी स्वतःचं इतकं हसं करून घेतलेला माणूसही दुसरा झाला नसेल. त्यांना सगळे भाई म्हणतात. राहणार मुळगावचे. नोकरी खाणीवर, काम सुरुंगाच्या दारूचं कोठार सांभाळण्याचं. 'मी दारूचं कोठार सांभाळतो' असं त्यांनी गोव्यात कुठेही सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची जवळ ओढून घ्यायचा, आणि खरा प्रकार कळला की ती पुन्हा मागे सरकवायचा. त्यांच्या उभ्या नोकरीत त्या कोठारात एक ठिणगी पडली नाही. त्याचं श्रेय ते आपल्या एका तत्त्वाला देत. "एकावर कधी विसंबू नये," ते मला बजावत, "पाठीमागे दुसरो तयार आसूक जाय."

हे तत्त्व त्यांनी कोठारातच ठेवून कुलूप लावलं असतं तर खाणीचं भलं झालं असतं आणि घरचे सुखात राहिले असते. पण भाई ते रोज संध्याकाळी डब्याबरोबर घरी घेऊन येत. त्यांच्या दारात सकाळी दोन पोदेर पाव घेऊन यायचे, कारण एक पोदेर आजारी पडला तर? दोघांचीही प्रकृती देवदयेने ठणठणीत होती, त्यामुळे त्या घरात कालचे उंडे, म्हणजे ते गोल पाव, आज आणि आजचे उद्या खाल्ले जात. मुलीच्या लग्नात त्यांनी दोन भटजी सांगितले होते. दुसरे भटजी राखीव म्हणून मंडपाच्या कडेला बसवले होते. त्यांनी बसल्या बसल्या पहिल्याचे उच्चार सुधारायला सुरुवात केली, आणि अंतरपाट खाली यायच्या आत दोघांची मुहूर्तावरून जुंपली. मी पेडण्याच्या शाळेत शिक्षक, म्हणून भांडण सोडवायचं काम माझ्याकडे आलं. राजभाषेच्या आंदोलनात तर भाईंनी कमाल केली. पुढच्या दारावर मराठीवाल्यांचं पत्रक, मागच्या दारावर कोंकणीवाल्यांचं. "कोण जिंकतलो तें खंय माहीत आसा?" असा त्यांचा हिशेब. पुढच्या दाराने आलेले लोक मागच्या दाराने बाहेर पडू शकतात, ही एक गोष्ट त्या हिशेबात राहून गेली. पुढे काही महिने दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्याशी बोलत नव्हते. एवढ्या एका मुद्द्यावर मात्र गावात एकमत झालं.

असल्या माणसाकडे पिस्तूल होतं. कोठाराच्या नोकरीमुळे परवाना मिळाला होता, आणि निवृत्त झाल्यावरही ते तो नेमाने नवा करून घेत. का, ते कुणी विचारू नये. ज्या माणसाशी आयुष्यात कुणी चढ्या आवाजात बोललं नाही, जो स्वतःच्या म्हशीलाही 'जरा सरक गो' म्हणतो, त्याच्यावर चाल करून कोण येणार होतं? पिस्तुलाचा मुक्काम बहुतेक पोलीस ठाण्यातच असे. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं जमा करावी लागतात, आणि आमच्या गोव्यात निवडणूक कधी लागलेली नसते? विधानसभा, लोकसभा, जिल्हा पंचायत, गावची पंचायत, शिवाय मधेच कुणी पक्ष बदलला तर पोटनिवडणूक. भाई पिस्तूल मऊ पंच्यात गुंडाळून, सासरी निघालेल्या लेकीसारखं ठाण्यावर पोचवत, पावती घेत आणि पावतीच्या दोन झेरॉक्स काढत. वर्षातून एकदा फोंड्याकडच्या एका रेंजवर जाऊन कागदाच्या निशाणावर गोळ्या झाडायच्या, एवढाच त्या हत्याराचा पराक्रम.

साठी उलटली आणि कागदाचं निशाण गोळ्यांतून वाचायला लागलं. आता हे प्रकरण मला भाईंनी समजावलं तसंच सांगतो. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या बाजूला खाच असते. खाचेतून माशी बघायची आणि माशीवर निशाण धरायचं. वय झालं की जवळचं पुसट होतं. चष्मा लावला तर माशी दिसते पण निशाण दिसत नाही, काढला तर निशाण दिसतं पण माशी उडून जाते. यावर हल्ली उपाय निघाला आहे. पिस्तुलाच्या पाठीवर काडेपेटीएवढी काच बसवतात, तिच्यात लाल ठिपका दिसतो. ठिपका निशाणावर टेकवला की झालं, जवळचं काहीच बघायला नको. भाईंनी तो ठिपका मुंबईहून मागवला, रीतसर बेळगावच्या कारागिराकडून बसवून घेतला, आणि आता हा माणूस सुखी होईल असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

तिथेच माशी शिंकली.

"ठिपको बॅटरीवर चलता," भाई मला म्हणाले. त्यासाठी त्यांनी मला खास पेडण्याहून बोलावून घेतलं होतं. "बॅटरी गेली तर?"

"भाई, डब्यावर लिहिलंय, पाच वर्षं चालते."

"म्हणजे सहाव्या वर्षी जाता," ते शांतपणे म्हणाले.

म्हणून ठिपक्याच्या पाठीमागे लोखंडी माशी तयार हवी. जुनी होती, पण ती पडली बुटकी, आणि ठिपक्याच्या यंत्राआड ती पार झाकली गेली होती. उंच माशी हवी, तिला जोडीची उंच खाच हवी. यानंतर जे दीड वर्ष गेलं ते आठवलं की अजूनही माझी मान आखडते. पहिला प्रश्न उंचीचा. माशी काचेच्या ऐन मध्यात यावी, म्हणजे ठिपका तिच्या डोक्यावर कुंकवासारखा बसेल, की ती खालच्या तिसऱ्या हिश्श्यात राहावी, म्हणजे रोजच्याला मध्ये लुडबुडणार नाही आणि वेळेला मान जरा वाकवली की सापडेल? भाईंनी औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून सात उंचींच्या माश्या कातरल्या, लाकडाच्या फळीवर खिळ्यांनी ठोकल्या, काचेच्या जागी आक्काची, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीची, बांगडी उभी चिकटवली, आणि मला गोठ्यासमोर उभं करून म्हशीवर नेम धरायला लावला. मी म्हणायचो, "दिसते." ते म्हणायचे, "दिसता तें ठीक. पण त्रास देता काय?" म्हशीला तरी देत होती.

उंची ठरली, खालचा तिसरा हिस्सा. मग रंग. सगळी काळी, की पांढऱ्या टिंबांची, की उजेड पिऊन हिरवी चमकणारी, की अंधारातही उजळणारी? पांढऱ्या टिंबांना भाईंची हरकत अशी, की आधीच एक लाल ठिपका, त्यात तीन पांढरी टिंबं, म्हणजे निशाण धरायचं की रांगोळी काढायची? हिरवी चमकणारी चांगली, पण तिच्यातली उजेड पिणारी काडी मोडली तर? तिची राखीव काडी कुठे मिळते, यासाठी बेळगावला तीन खेपा झाल्या. बेळगावला जातानाही भाई पहिल्या बसमध्ये चढत नसत. मागून दुसरी येताना दिसली की मगच पहिलीत पाय ठेवत, वाटेत बंद पडली तर पंचाईत नको म्हणून. मग खाच रुंद की अरुंद, यावर एक पावसाळा गेला. आक्का या काळात फारसं बोलली नाही. एकदा फक्त चहाचा पेला माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "चोर आलो तर तेका बसाक पाट घाल रे, तवसर हे माशी बघतले."

अखेर हिरवी माशी आणि साधी काळी खाच अशी जोडी ठरली, बसली आणि आम्ही दोघं रेंजवर गेलो. शिकवायला सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते, सावंतवाडीकडचे, मोजकं बोलणारे. त्यांनी पिस्तूल बघितलं आणि निवड चांगली केलीत म्हणाले. भाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पवित्रा घेतला, ठिपका चालू केला, डोळ्यासमोर धरला, आणि हात खाली आणला. पुन्हा धरला, पुन्हा खाली आणला.

"ठिपको फुटलो," ते म्हणाले.

"फुटला म्हणजे?"

"गोल नाय. डाळिंब फुटल्यासारखो पसरला. मुंबयकारांनी फसयलो माका." मग जरा सावरून, खरं सांगायचं तर खुशीतच, ते म्हणाले, "बघ, म्हणान राखीव जाय." त्यांनी ठिपका बंद केला आणि आपल्या त्या दीड वर्षाच्या माशीवर नेम धरला. बराच वेळ धरला. गोळी काही सुटेना.

सुभेदारांनी हलकेच पिस्तूल त्यांच्या हातून घेतलं, रिकामं करून तपासलं, ठिपका चालू केला आणि आधी स्वतः बघितलं, मग मला दाखवलं. मी आयुष्यात खेळण्यातली बंदूकही धरलेली नाही, पण गोल काय ते मला कळतं. ठिपका स्वच्छ गोल होता. सुभेदार म्हणाले, "भाई, तुमचो मोबाइल काढा. काचेतून ठिपक्याचो फोटो घ्या." भाईंनी घेतला. फोटोत ठिपका आक्काच्या कपाळावरच्या टिकलीसारखा रेखीव आला. "कॅमेऱ्याक डोळ्याचो दोष नसता," सुभेदार म्हणाले, आणि पाणी आणायच्या निमित्ताने दुसरीकडे गेले. समजूतदार माणूस.

भाई फोटोकडे बघत राहिले. एरवी ते म्हणाले असते की कॅमेरा बिघडला आहे, दुसरा आण. तेवढ्यासाठी मी तयारही होतो. ते म्हणाले, "माशी पण दिसलीच नाय रे. हिरवी घेतली तरी दिसली नाय." मग म्हणाले, "आक्काक सांगू नको."

मी आक्काला त्याच दिवशी सांगितलं.

म्हापशाच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी भाईंना तासभर यंत्रासमोर बसवलं. ठिपका फुटतो तो मोतीबिंदूमुळे, त्याचं काही एवढं नाही, काढता येतो, असं त्या म्हणाल्या. पण तपासताना त्यांना दुसरंच सापडलं होतं. उजव्या डोळ्यात काचबिंदू. कडेची नजर बरीच गेलेली, आणि गेलेली परत न येणारी. डाव्यात नुकती सुरुवात, थेंब घातले तर टिकेल. "इतके दिवस तुम्हाला जाणवलं कसं नाही?" असं त्यांनी विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं, "डावा डोळा सांभाळून घेत होता ना, म्हणून कळलं नाही. एकच डोळा असता तर तुम्ही कधीच आला असता." त्या बाईंना भाईंचं तत्त्व माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. दीड वर्ष मी या माणसाची टिंगल केली होती. पेडण्याच्या शिक्षकांच्या खोलीत त्या बांगडीची गोष्ट मी साभिनय सांगायचो. आणि त्या सगळ्या काळात, माझ्यासमोर, तो डोळा एकेक रेघ विझत चालला होता. मला वाटत होतं, भाई माशीची चिकित्सा करताहेत. त्यांना दिसत नव्हतं.

पिस्तूल त्यांनी स्वतः होऊन कायमचं जमा करायचं ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. पणजीला कलेक्टर कचेरीत मी बरोबर गेलो. अर्ज मराठीत, कारकुनाचं बोलणं कोंकणीत आणि शिक्का इंग्रजीत, असा आमच्या राज्याचा रिवाज आहे, तसं सगळं झालं. परवाना सोडण्याचं कारण लिहायला एक रकाना होता. भाईंनी लेखणी धरली आणि बराच वेळ त्या रकान्यावर नेम धरून बसले. मग लिहिलं, 'गरज उरली नाही.' कारकुनाने वाचलं आणि विचारलं, "आदीं आसलीली काय गरज?"

भाई हसले. मनापासून हसले. "नव्हतीच मरे," ते म्हणाले, "पण तें कळूंक इतकीं वर्सां लागलीं."

बाहेर पडलो तेव्हा मांडवीवरून वारा येत होता. रस्ता ओलांडायचा होता आणि गाड्या थांबायला तयार नव्हत्या. भाई माझ्या डाव्या बाजूला आले, म्हणजे मी त्यांच्या उजव्या बाजूला आलो, जिकडून त्यांना दिसत नाही तिकडे. तेव्हापासून आम्ही कुठेही चाललो तरी असेच चालतो, डिचोलीच्या बाजारात, जत्रेत, लग्नाच्या मांडवात. त्यांनी कधी कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उजवीकडून कुणी येताना दिसला की मी फक्त त्यांचं कोपर धरतो. ते थांबतात, आणि बोलणं न तोडता विचारतात, "गेलो?" मी म्हणतो, "गेला." मग आम्ही निघतो.